साडेअकराची गाडी

माळशेज घाट आपण किती वेळा चढलो-उतरलो, याचा अंदाज तानाजी डुंबरेने निवृत्तीच्या आठवड्यात काढला होता. चौतीस वर्षं, खोपटच्या डेपोतून सुटणारी ठाणे–नगर एसटी. सुट्ट्या, आजारपणं आणि संप वजा जाता आकडा साडेसहा हजारांच्या आसपास आला. कुठल्या वळणाला दुसरा गिअर, कुठे हॉर्न दोनदा द्यायचा, पावसाळ्यात कुठल्या कड्याखाली गाडी रेंगाळू द्यायची नाही, हे सगळं त्याला पाठ होतं. घाटमाथ्याच्या अलीकडे, जिथे हल्ली लोक फोटो काढायला थांबतात, त्या पॉइंटवरून खाली काय दिसतं ते मात्र त्याला सांगता आलं नसतं. ड्रायव्हरला दरी दिसत नाही, दरीची कड दिसते. शिवाय पॉइंटला एसटीचा थांबा नव्हता.

साडेसहा हजारांपैकी एकदाच त्याची गाडी तिथे उभी राहिली होती, आणि त्या दिवशी तो बायकोला तिथेच विसरून पुढे गेला होता.

डोंबिवलीच्या त्यांच्या घरी पाहुणे आले की हा किस्सा व्हायचाच. साल १९९२, सप्टेंबरचा शेवट. लग्नाला दोन वर्षं झालेली. हौसाबाई नवरात्रासाठी ओतूरला माहेरी निघाली होती आणि त्या दिवशी ड्युटी तानाजीचीच होती. पॉइंटजवळ कड्यावरून रस्त्यात दगड आले होते. ते हटवेपर्यंत वीस मिनिटं गाडी थांबली. लोक पाय मोकळे करायला उतरले, तशी हौसाबाईही उतरली. रस्ता मोकळा झाल्यावर कंडक्टर काळुरामने लोक आत घेतले, तिकिटांशी डोकी जुळवली, एक्केचाळीसला एक्केचाळीस, आणि डबल बेल दिली. हौसाबाई त्या एक्केचाळिसांत नव्हती. ती फॅमिली पासवर होती. ड्रायव्हरच्या बायकोकडे पास काय मागायचा, म्हणून काळुरामने तिला मोजणीत धरलंच नव्हतं. आपल्या माणसाकडे ड्रायव्हर बघेल, असं त्याच्या मनात. आणि ड्रायव्हर डबल बेलला निघतो, मागे वळून बघत नाही. ओतूरच्या स्टँडवर 'उतर, आलं तुझं गाव' असं म्हणायला तानाजी वळला, तेव्हा त्याच्या मागच्या सीटवर नुसती तिची बॅग होती.

"स्टँडवर ठाण्याकडे जाणारी विश्रामची गाडी उभी होती," तानाजी सांगायचा. "त्याला म्हटलं, माझं एक पार्सल पॉइंटला राहिलंय, तेवढं खाली घेऊन जा."

लोक हसायचे. हौसाबाई चहा ओतत असायची. ती हसायची नाही आणि रागवायचीही नाही. कप पुढे करायची.

किश्शात जे कधी आलं नाही ते असं. त्या दिवशी बॅग तानाजीबरोबर नगरला गेली. संध्याकाळी ड्रायव्हर-कंडक्टरच्या खोलीत त्याने ती उघडली, आत डबा असेल तर खराब होईल म्हणून. डबा नव्हता. सात साड्या होत्या. तेव्हा तिच्याकडे साड्याच एकूण आठ होत्या, आठवी ती नेसून निघाली होती. साड्यांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत तिचं दहावीचं सर्टिफिकेट होतं. नवरात्राला आठ दिवस माहेरी जाणारी बाई दहावीचं सर्टिफिकेट बरोबर नेत नाही. तानाजीने सगळं परत बॅगेत ठेवलं आणि चेन लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला तो खोपटच्या खोलीवर पोचला. दार उघडंच होतं. हौसाबाई स्टोव्हसमोर बसून भाकरी थापत होती. त्याने बॅग भिंतीशी ठेवली. तिने हात धुतले, बॅग उचलून फळीवर टाकली, आणि त्याला विचारलं की वरण गरम करू का. एवढंच. दोन वर्षांनी ऋतुराज झाला. मग डोंबिवलीचं घर झालं, पुढच्या खोलीत हौसाबाईने पाळणाघर सुरू केलं, आणि बॅगेचा विषय निघायला कधी जागा उरली नाही.

बॅगेपेक्षाही दुसरी एक गोष्ट तानाजीला जास्त सलत राहिली. ती वेळापत्रकाची होती. त्याच्या गाडीने पॉइंट सोडला दहा पन्नासला. त्याच्यामागून कल्याण–ओतूर यायची, पॉइंटवर साडेअकरा. विश्रामची खाली जाणारी गाडी तिथे पोचली साडेबाराच्या पुढे. म्हणजे साडेअकराची आली असती तर हौसाबाई तीत बसून माहेरी गेली असती आणि परत आली नसती. ती घरी सापडली, म्हणजे साडेअकराची त्या दिवशी आली नाही. पुन्हा दगड आले असतील, टायर बसला असेल, फेरी रद्द झाली असेल. डेपोत एका प्रश्नात कळलं असतं. तानाजीने तो प्रश्न बत्तीस वर्षं कुणाला विचारला नाही. एक गाडी चुकली म्हणून आपला संसार झाला, हे त्याने मनाशी धरलं होतं, आणि ते पक्कं करून घ्यायची त्याला इच्छा नव्हती.

आता मात्र ते वर आलं होतं. निवृत्तीनंतर त्याने घाटावर, डिंगोऱ्याला, वडिलांच्या जागेत घर बांधायला काढलं. जोतं झालं, भिंती उभ्या राहिल्या, गणपतीनंतर स्लॅब पडला. गुढीपाडव्याला राहायला जायचं, असं त्याने एका रविवारी जेवताना जाहीर केलं. हौसाबाई ताटात भात वाढत होती. ती म्हणाली, "बघू."

त्यानंतर महिनाभर 'बघू'च चाललं होतं. तिने नाही म्हटलं असतं तर तो भांडला असता. 'बघू'शी भांडता येत नव्हतं. ती पाळणाघराच्या मुलांना सांगायची की पुढच्या वर्षी आपण गॅलरीत टोमॅटो लावू, आणि ते ऐकून तानाजी पेपर वाचायचा थांबायचा. बॅगेतल्या सात साड्या त्याला पुन्हा दिसायला लागल्या होत्या.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी ऋतुराजने गाडी काढली. बाबांचं घर बघून येऊ, एका दिवसात जाऊन-येऊन. त्याची बायको संचिता डोंबिवलीतल्या एका शाळेत भूगोल शिकवायची. तिला सातवीच्या वर्गासाठी दगड हवे होते आणि माळशेजच्या पॉइंटवर थांबायचं होतं. तानाजी म्हणाला, तिथे बघण्यासारखं काही नाही, माकडं आहेत आणि मक्याची कणसं. मागच्या सीटवरून हौसाबाई म्हणाली, "थांबूया की."

सहा चाळीसला ते निघाले. कल्याण, शहाड, मुरबाड. मुरबाडच्या पुढे भात पिवळा होऊन कापणीला आला होता. तानाजी पुढे, मुलाच्या शेजारी बसला होता आणि दर वळणाला त्याचा उजवा पाय खाली दाबला जात होता. टोकावड्याच्या अलीकडे एका ट्रकला ऋतुराजने जरा घाईने मागे टाकलं, तेव्हा तो पाय दोनदा आपटला.

"बाबा, तुमच्या बाजूला ब्रेक नाहीये," ऋतुराज म्हणाला.

"मला माहितीय कुठे आहे ते. तुला आहे का माहीत?"

संचिता हसायला लागली. हौसाबाई म्हणाली की त्यांना बोलू नका, शेजारच्या सीटवर बसायची त्यांना सवय नाही, आणि दुसऱ्याच्या हातातली गाडी तर त्यांनी वरातीलाही सोसली नव्हती. नवरदेव असून सबंध रस्ता ड्रायव्हरला गिअर सांगत होते. हे संचिताला नवीन होतं. मग ती गोष्ट झाली, आणि तिच्या मागून अर्थातच पॉइंटची. ऋतुराजनेच काढली. "पार्सल कुठे राहिलेलं, ते आज दाखवा बाबा." तानाजी एकदम म्हणाला की समोर बघून चालव, घाट सुरू होतोय. संचिताने आरशातून ऋतुराजकडे पाहिलं. सासऱ्याने हा किस्सा सांगायला नकार दिल्याचं तिला आठवत नव्हतं.

घाटात गार होतं. धबधबे आटून रेघांएवढे उरले होते, कड्यांवर वाळायला लागलेलं गवत होतं. बोगदा गेला. पॉइंटवर ते नऊ वीसला पोचले. शनिवार असूनही गर्दी फारशी नव्हती. कठडा, तीन टपऱ्या, दोन मोटरसायकली. कठड्याच्या एका टोकाला रस्ता सोडून थोडं वर गेलं की काळ्या कातळाचा सपाट माळ लागत होता, नांगरलं तरी माती निघणार नाही असा. संचिता आधी तिकडेच गेली, आणि सगळे तिच्या मागे.

तिने शाळेतल्यासारखं शिकवायला सुरुवात केली, पण ते कंटाळवाणं नव्हतं. आपण उभे आहोत तो लाव्हा आहे, ती म्हणाली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तानाजीने विचारलं की मग ज्वालामुखी कुठला, हरिश्चंद्रगड का? नाही, ती म्हणाली, चित्रातल्यासारखा डोंगर फुटला नव्हता. जमिनीला मैलोन् मैल भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा आला आणि पसरत गेला. तो निवला. मध्ये इतका काळ गेला की त्याच्यावर माती झाली, काही उगवलं असेल. मग पुन्हा भेग, पुन्हा लाव्हा, पहिल्याच्या अंगावर दुसरा. समोरच्या कड्याला ज्या पायऱ्या दिसतात ना, त्यातली एकेक पायरी म्हणजे एकेक थर. दोन पायऱ्यांमध्ये कुठे लाल पट्टा दिसला तर ती मधल्या काळातली भाजलेली माती.

"म्हणजे धिरड्यासारखं," हौसाबाई म्हणाली. ती खाली वाकून कातळावरून हात फिरवत होती. कातळाला बारीक-मोठी भोकं होती. "पीठ पातळ असलं की असंच पसरतं. आणि ही जाळी पडलीय बघ."

संचिता म्हणाली, तेच. धिरड्यातून वाफ निघते तसा लाव्ह्यातून वायू निघाला आणि त्याच्या भोकांत पुढे पांढरे स्फटिक वाढले. तिने पायाजवळचा मुठीएवढा तुकडा उचलला आणि उन्हात धरला. काळ्या दगडात चार-पाच ठिकाणी पांढरं चमकलं.

"आई, हा बघा. सेम आपल्या दाराच्या दगडासारखा."

डोंबिवलीच्या घरात पाळणाघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक दगड लावलेला असायचा. नारळाएवढा, काळा, भोकाभोकांचा, एका अंगाला पांढरी चमक. मुलं त्याला हिऱ्याचा दगड म्हणायची. तानाजीची समजूत होती की शीळफाट्याच्या बाजूच्या कुठल्या खाणीतला असेल, बिल्डरच्या खडीबरोबर आलेला.

"सेमच असणार," हौसाबाई म्हणाली. "इथलाच आहे तो. इथून नेलेला."

आणि ती कठड्याकडे चालू लागली.

तानाजी तिथेच उभा राहिला. इथून नेलेला, म्हणजे त्या दिवशी. दुसऱ्या कुठल्या दिवशी ती इथे उतरलीच नव्हती. बत्तीस वर्षं त्याच्या डोळ्यांपुढे एक चित्र होतं: रस्त्याच्या कडेला उभी असलेली, रडून चेहरा सुजलेली, एकवीस वर्षांची मुलगी, जिच्यासाठी वर जाणारी गाडी आली नाही. त्या चित्रातली मुलगी नारळाएवढा दगड निवडून पदरात बांधून घेईल, हे बसत नव्हतं.

ऋतुराज फोनवर डोंगराचे फोटो काढत गाडीकडे निघाला होता. संचिताने कठड्याशी येऊन बोट नाचवत समोरच्या पायऱ्या मोजल्या. आठ, ती म्हणाली.

"नऊ आहेत," हौसाबाई म्हणाली.

"कुठे? मला आठच दिसतात."

"सगळ्यात खालची झाडीत आहे. उजवीकडे, जिथे ओढा पडतो तिथे. आत्ता धुरकट आहे म्हणून दिसत नाही. नऊ आहेत. मी मोजलेल्या आहेत."

संचिता काही क्षण सासूकडे बघत राहिली, मग सासऱ्याकडे. मग मला अजून दगड हवेत असं म्हणून ती कातळाकडे परत गेली. पिशवी तोपर्यंत भरलेली होती.

तानाजी कठड्याला हात टेकून उभा राहिला. खाली बघण्याऐवजी तो रस्त्याकडे बघत होता, जिकडून गाड्या येतात तिकडे.

"किती वेळ लागला मोजायला?" त्याने विचारलं.

"खूप. तेव्हा धुकं होतं. दोन पायऱ्या दिसायच्या, मग झाकायचं. पुन्हा वरून सुरुवात. एकदा सहापर्यंत गेले तर पुन्हा सगळं पांढरं."

"रडत नव्हतीस?"

"पहिलं थोडा वेळ रडले. मग म्हटलं, कुणासाठी रडतेय, बघायला कोण आहे? अहो, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी कुठे आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. बरं वाटत होतं."

तानाजीच्या मनात प्रश्न होता. बत्तीस वर्षं तो तिथेच होता आणि आता त्याला दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती.

"साडेअकराची," तो म्हणाला. "कल्याण–ओतूर. ती त्या दिवशी आली नसेल."

"आली की. वेळेवर आली."

"आली?"

"रिकामी होती जवळजवळ. मला बघून थांबली. कंडक्टर दारात येऊन म्हणाला, चला ताई, एकट्या इथे काय करताय. तुमच्यातलाच होता कुणीतरी, मी नाव विचारलं नाही. मी म्हटलं, तुम्ही जा, माझं मोजून व्हायचंय."

तानाजीने तिच्याकडे पाहिलं. ती चेष्टा करत नव्हती. कंडक्टरला तिने खरंच तसं सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. तेव्हा ती सातव्या पायरीवर होती.

"का नाही बसलीस?" त्याने विचारलं. "पास होता की तुझ्याजवळ."

एक माकड कठड्यावरून चालत आलं, तिच्या रिकाम्या हातांकडे बघून निघून गेलं.

"दोन वर्षं तुम्ही मला एक गोष्ट विचारली नव्हती," ती म्हणाली. "वाईट वागला नव्हता. ड्युटी लागली की जायचा, सुटली की यायचा. खोली बदलली तेव्हा सामान बांधल्यावर मला कळलं. मला वाटायचं, मी या घरात पासावर आहे. म्हणून म्हटलं, बघूया, यांना कळायला किती वेळ लागतो. नाहीच कळलं तर पुढच्या गाडीने जाईन. आणि बारा पस्तीसला विश्रामभावजींची गाडी आली, खालच्या दिशेची. ते स्वतः उतरले."

"मी त्याला म्हटलं होतं…"

"पार्सलचं काही म्हटलं नव्हतं तुम्ही." तिचा आवाज मऊ होता. "भावजींनी सांगितलं मला. म्हणाले, वहिनी, तानाजी माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला, आणि त्याला बोलताच येईना. बॅग वर धरून दाखवली नुसती. मीच ओळखलं. म्हणाले, त्याचे हात बघितले तर आज त्याला स्टेअरिंगवर बसू देऊ नये असं वाटलं."

तानाजीला ते आठवत होतं. खिडकीची पट्टी, विश्रामचा चेहरा, हातातलं बॅगेचं वजन. तिथे काय बोललो ते त्याला खरंच आठवत नव्हतं. पार्सलचं वाक्य त्याने पुढे कधीतरी, पहिल्यांदा कुणीतरी विचारल्यावर, रचलं होतं, आणि इतक्या वेळा सांगितलं की तेच खरं होऊन बसलं होतं.

"मग मी खालच्या गाडीत बसले," हौसाबाई म्हणाली.

रस्त्यावरून एक टेंपो गेला. मग तानाजी म्हणाला, आणि हे त्याने तिच्याकडे बघून म्हटलं, "सात साड्या होत्या. आणि दहावीचं सर्टिफिकेट."

"माहितीय."

"काय माहितीय?"

"तुम्ही बॅग उघडलेली. मोरपंखी साडीची घडी उलटी घातलेली तुम्ही. काठ आत." ती आता खरोखर हसली. "आणि सर्टिफिकेट वर ठेवलेलं, चुरगळू नये म्हणून. मी खाली ठेवलेलं होतं. मला वाटलं, आज बोलतील, उद्या बोलतील. मग वाटलं, नकोच बोलायला. सर्टिफिकेट वर ठेवलं ना, तेवढं पुरे."

तानाजीने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. चष्मा स्वच्छ होता. त्याने तो पुन्हा पुसला. बत्तीस वर्षं त्याने एका गाडीचे आभार मानले होते, जी वेळेवर आली होती.

"हौसा," तो म्हणाला. "डिंगोऱ्याला येशील का राहायला?"

स्लॅब पडून महिना झाला होता. पाडव्याचा बेत नातेवाइकांत सांगून झाला होता. पण हा प्रश्न त्याने आत्ता विचारला. तो विचारताना आपल्याला किती अवघड जातंय, याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

हौसाबाई समोरच्या कड्याकडे बघत होती.

"स्वयंपाकघर कुठल्या बाजूला काढलंय?" तिने विचारलं.

"रस्त्याकडे."

"आणि मागचं दार?"

मागचं दार नव्हतं. गवंड्याने विचारलं होतं, आणि चोरा-चिलटाची भानगड कशाला म्हणून त्याने नको सांगितलं होतं.

"मला मागचं दार हवं," हौसाबाई म्हणाली. "डोंगराच्या बाजूला. बाहेर बसायला पायरी हवी."

"आजच सांगतो गवंड्याला. भिंत फोडायला किती वेळ…"

"तुम्ही नाही सांगायचं. आज जातोय ना आपण? मी बघते आणि मी सांगते कुठे फोडायचं ते. घरात सोफा, टीव्ही काय ठेवायचंय ते तुम्ही ठरवा."

"बरं."

"आणि पाडव्याला मी येणार नाही."

तानाजीचा कठड्यावरचा हात घट्ट झाला.

"सहा मुलं आहेत माझ्याकडे. दोघांच्या आया शाळेत नोकरी करतात, तिथल्या परीक्षा एप्रिलच्या शेवटी संपतात. मध्येच कुणाच्या हातात पोर देऊन मी येणार नाही. रोज संध्याकाळी मी डोक्यावर हात ठेवून मोजते त्यांना, एकेकाला घरी पोचवेपर्यंत. मे महिन्यात येईन. तोवर तुम्ही घर लावा, टोमॅटो लावा, आणि वाट बघा. मीही बघितलेली. पावणेदोन तास."

मे महिना. तानाजीने मनातल्या मनात महिने मोजायला सुरुवात केली आणि अर्ध्यात सोडून दिली.

"गॅलरीतल्या टोमॅटोचं काय?" त्याने विचारलं. "मुलांना सांगितलंस ना तू, पुढच्या वर्षी लावू म्हणून."

"ऐकत होता होय पेपरातून? ते संचिता बघेल. तिला विचारलंय मी."

तिकडे ऋतुराजने दोनदा हॉर्न दिला. डिंगोऱ्याला गवंडी दहाला येणार होता आणि दहाला दहा मिनिटं होती. हॉर्न ऐकताच तानाजीचं अंग आपोआप रस्त्याकडे वळलं, पाऊलही उचललं गेलं. मग तो थांबला. मागे वळला. हौसाबाई कठड्याशीच होती.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी आले."

तो परत आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. पुन्हा हॉर्न वाजला, तेव्हा त्याने मागे न बघता एक हात वर केला, घाटात समोरच्या गाडीला थांबवायला ड्रायव्हर खिडकीतून करतो तसा. संचिताचा आवाज आला, की ऋतू, गप बस ना जरा.

तानाजीने खाली पाहिलं. दरी त्याच्या कल्पनेपेक्षा मोठी होती आणि शांत होती. तळाला भाताची खाचरं चौकोनी तुकड्यांसारखी दिसत होती, त्यांच्यातून एक रस्ता वर येत होता. तो रस्ता आपलाच आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. मग त्याने समोरच्या कड्याकडे बघून वरून सुरुवात केली. पहिली, गवताची. दुसरी. तिसरीखाली लाल पट्टा होता, संचिताने सांगितलेला. आठपर्यंत त्याला जमलं. नववीसाठी तो कठड्यावरून वाकला, तशी हौसाबाईने त्याच्या शर्टाची बाही मागून धरली.

"दिसली?"

"नाही. धुरकट आहे."

"मग थांबा जरा," हौसाबाई म्हणाली.

तो थांबला.